दर कमी करू नकोस, काम कमी कर

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

रविवारी आलीस, चहा निवला तरी बोलत राहिलीस, आणि चपला घालता घालता विचारलंस, "काका, तीन हजार जास्त झाले का हो?" मी गप्प बसलो. बोललो असतो तर ओरडलो असतो. म्हणून लिहितोय.

वेर्ण्याची नोकरी सोडून स्वतःचं सल्ल्याचं काम सुरू केलंस ते बरं की वाईट, यात मी पडत नाही. सांडपाण्याच्या प्लांटमधलं तुला कळतं, हे तुझे रिपोर्ट वाचून मला माहीत आहे. घोळ आकड्याचा आहे. महिना पंच्याहत्तर हजार मिळत होते, त्याला पंचवीसने भागलंस, तीन हजार आले, तोच दिवसाचा दर हॉटेलवाल्याला सांगितलास. तो म्हणाला दोन. आणि तू त्यावर विचार करते आहेस!

आधी हिशेब. वर्षाचे ३६५ दिवस. शनिवार-रविवारचे १०४ काढ. चवथ, दिवाळी, गावची जत्रा, ताप, कुणाचं लग्न, कुणाचं बारावं, असे तीस काढ. राहिले २३१. त्यातले शंभर दिवस कोटेशनं लिहिण्यात, रिसेप्शनवर ताटकळण्यात, बिलासाठी फोन करण्यात आणि हिशेबात जातात. त्यांचे पैसे कोणी देत नाही. उरले १३१, आणि पहिल्या वर्षी तेवढेही मिळायचे नाहीत. तीन हजारांनी गुणलंस तर चार लाखही होत नाहीत. नोकरीत नऊ लाख होते, वर पीएफ, ग्रॅच्युइटी, आरोग्यविमा. आता गाडी, पेट्रोल, विमा, लॅबची बिलं मिळून अडीच लाख तुझ्याच खिशातून जाणार. साडेअकरा लाखांना १३१ ने भाग. पावणेनऊ हजारांच्या वर जातं. हा तुझा तळ. याच्या खाली गेलीस तर गिऱ्हाइकाला तूच पैसे देते आहेस.

हा हिशेब त्याला दाखवायचा नाही, हेही सांगून ठेवतो. तुझ्या विम्याचं त्याला काय? त्याच्याशी त्याच्या खर्चाचं बोल. प्लांट बिघडला की मैला उपसायला टँकर लागतात, दर फेरीला पैसे. डिसेंबरात पूलशेजारी वास सुटला की पाहुणे खोली बदलून मागतात, मग हॉटेल बदलतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस आली तर वेगळंच. हे आकडे त्याच्याच तोंडून काढून घे, कागदावर मांड आणि खाली आपली फी लिही. तो कुठला हातोड्याचा किस्सा असतो ना, ठोका मारायचा एक रुपया आणि कुठे मारायचा ते कळण्याचे बाकीचे, तो मात्र सांगू नकोस. मी सांगून पाहिलाय. माणूस मनापासून हसतो आणि पैसे कापतो.

तरीही तो कमी करा म्हणणारच. म्हणू दे. तेव्हा दर कमी करायचा नाही, काम कमी करायचं.

म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात जातेस ना? मयड्याची केळी घेऊन बसलेल्या बाईशी घासाघीस करून बघ. मी केली होती. ती वाद घालत बसली नाही. फणीतली दोन केळी मोडून बाजूला ठेवली आणि उरलेली माझ्या पिशवीत टाकली. "इतक्या पैशांत इतकीच." मला हे कळायला वीस वर्षं लागली.

कशी लागली ते ऐक. २०११ साली बागा-कळंगुटच्या पट्ट्यातलं एक हॉटेल. नाव सांगत नाही, मालक आमच्या नात्यातल्यांचा ओळखीचा. तीन महिन्यांचं काम, मी नव्वद हजार सांगितले. तो म्हणाला, "आपलेच ना तुम्ही?" आणि मी पन्नासावर आलो, काम तेवढंच ठेवून. घरी येताना मांडवीच्या पुलावर स्वतःला समजावत होतो की ओळख वाढेल. वाढली. पुढची चार वर्षं त्या पट्ट्यात जो तो म्हणे, "त्यांना तर पन्नासात करून दिलं."

पण खरी गोष्ट ही नाही. खरी गोष्ट मी तुझ्या बाबांनाही सांगितलेली नाही. पैसे कमी म्हणून मी आठवड्याच्या दोन फेऱ्यांची एक केली. गाळाची चाचणी, ती एक लिटरच्या नळकांड्यात अर्धा तास गाळ बसू देतो ती, स्वतः करायची सोडून तिथल्या ऑपरेटरकडून आकडे फोनवर घ्यायला लागलो. तो रोज छान आकडे सांगायचा. रात्री एकदा तरी जाऊन बघायचं ठरलं होतं, ते गेलोच नाही. गेलो असतो तर कळलं असतं की वीज वाचवायला रात्री अकराला ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारं यंत्र, बंद होतो आणि पहाटे पाचला चालू होतो. हवेविना टाकीतले जीवाणू मरत होते आणि मी वरून फक्त रिपोर्ट लिहीत होतो. नाताळच्या आठवड्यात प्लांट सडला. दोष माझ्यावर आला. मी महिनाभर ब्लोअरवर, ऑपरेटरवर, मालकाच्या कंजूषपणावर चिडलो.

दर मी उघड कमी केला होता आणि काम चोरून. दर कमी केला की काम कमी होतंच, पोरी, कितीही प्रामाणिक असलीस तरी. मग ते त्याच्यासमोर, कागदावर, तारखेसकट कमी कर. "दोनऐवजी एक फेरी. रात्रीची पाहणी यात नाही. ऑपरेटरचं प्रशिक्षण यात नाही. नमुने तुम्ही लॅबमध्ये पोचवायचे." दहातल्या सहा वेळा माणूस ही यादी वाचून पूर्ण पैसे द्यायला तयार होतो, कारण काय जातंय ते त्याला पहिल्यांदा दिसतं. उरलेल्या चार वेळा छोटं काम मिळतं, पण ते नीट करता येतं.

तुझे बाबा म्हणतात, सुरुवातीला स्वस्तात कर, नाव होईल. ते जन्मभर बँकेत होते, पगार पहिल्या तारखेला. स्वस्तात केलंस तर स्वस्त म्हणूनच नाव होईल. त्यांना माझा नमस्कार सांग आणि हे वाचून दाखवू नकोस.

देवस्थानाचं काम, शाळेचं काम फुकट कर. मीही करतो. पण फुकट म्हणजे पूर्ण फुकट, कधी आणि किती ते आपण ठरवून. अर्ध्या पैशात पुण्य मागायला येणाऱ्यांपासून सावध.

बाकी किरकोळ. अर्धे पैसे पहिल्या फेरीआधी घे. आपल्याकडे डिसेंबरात "सीझन आहे, वेळ नाही", जूनमध्ये "सीझन संपला, पैसे नाहीत", मग "चवथीनंतर बघू". टीडीएसचे दहा टक्के कापले म्हणून घाबरू नकोस, ते रिटर्न भरताना तुझ्याच खात्यात धरले जातात. वर्षाची कमाई २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटीची नोंदणी घ्यावी लागेल, तेव्हा १८ टक्के फीच्या वर वेगळे दाखव, नाहीतर तेही तुझ्याच खिशातून जातील. उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडे लघुउद्योग म्हणून नोंद, आजच कर. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्याने ४५ दिवसांत पैसे नाही दिले तर बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं, दरमहा चक्रवाढीने. मी ही ओळ बिलाखाली छापतो, कोणावर वापरलेली नाही. पणजीत केस घातली तर संध्याकाळपर्यंत डिचोलीत चहाला विषय होतो.

आणि दिवसाच्या दराने काम मागितलं तर घाई करू नकोस. त्यांना वाटतं एक दिवस येऊन सांगून जा. बीओडीची, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जीवाणूंना किती ऑक्सिजन लागतो त्याची, नुसती चाचणीच २७ अंशांवर तीन दिवस चालते. पूर्ण कामाची एक रक्कम सांग, दिवस आपल्याजवळ ठेव.

तुझ्या काकूचं म्हणणं आहे की मी हट्टी झालो. फोंड्याच्या माझ्या मित्राच्या लॉजचं तिने तुला सांगितलं असेलच. त्याने कमी करायला सांगितलं, मी यादीतल्या तीन गोष्टी खोडल्या, त्याला तो अपमान वाटला. गेली सहा वर्षं बोलत नाही. शिगम्यात समोर आला तरी तोंड फिरवतो. मला वाईट वाटत नाही असं नाही. पण गप्प बसून पैसे घेतले असते आणि पुन्हा कुणाचा तरी प्लांट सडवला असता, तर तोंड मी फिरवलं असतं. काकू म्हणते, मित्राला जरा गोड बोलून सांगता आलं असतं. आलं असतं, कदाचित. दर मात्र तोच राहिला असता.

सोमवारी कोटेशन पाठवण्याआधी मला दाखव. शेवटची "रकमेबाबत चर्चा करता येईल" ही ओळ आत्ताच खोड.

तुझा,
काका

ता. क. त्या हॉटेलवाल्याचा काल मलाही फोन आला होता. "ती पोरगी दोन हजारांत करायला तयार होईल, तुम्ही किती घ्याल?" मी बारा सांगितले. मानकुराद आंबे पिकायला घातलेत, येशील तेव्हा पिशवी आण.