अफिंग्टनच्या घोड्याच्या पेंडंटमध्ये शिसं निघालं? आधी सोल्डर तपासा

तुम्ही अफिंग्टनच्या घोड्याची (इंग्लंडमधल्या डोंगरावर कोरलेली प्राचीन पांढरी आकृती) पेंडंट ओतता. तुम्ही लिहिलंय की प्युटर (मुख्यतः कथिलाचा मिश्रधातू) शिसं-मुक्त असल्याचं प्रमाणपत्र हातात आहे, तरी इंग्लंडमधल्या तपासणीत पेंडंटमध्ये शिसं निघालं. शिवाय घोड्याचे पाय साच्यात पूर्ण उतरत नाहीत आणि बिघडलेले नग कडीसकट पुन्हा वितळवता. शिशाचं कारण बहुतेक या शेवटच्या वाक्यातच आहे.

कडी कशाने जोडली? इलेक्ट्रॉनिक्सचं ६०/४० सोल्डर (जोड देण्यासाठी वितळवायचा धातू) असेल तर त्यात ४० टक्के शिसं असतं. तिकडच्या नियमात दागिन्याच्या प्रत्येक भागाला मर्यादा वजनाच्या ०.०५ टक्के, म्हणजे सोल्डरचा टिपकाही स्वतंत्रपणे नापास. वर असे नग भांड्यात गेले की भांड्यातला सगळा धातू बिघडतो. ०.१ ग्रॅमच्या थेंबात ०.०४ ग्रॅम शिसं, म्हणजे १०० ग्रॅम धातूला दोन थेंब पुरे. ते शिसं घरी काढता येत नाही, तो धातू दागिन्यांसाठी बाद समजा. काही दुकानं हेच सोल्डर 'दागिन्यांचं' म्हणून, लेबल काढून विकतात. विचारलं तर 'सगळे हेच नेतात' एवढंच उत्तर. नाव घेत नाही, पण याचा मला प्रचंड राग येतो. लहान मुलं पेंडंट तोंडात घालतात हो!

शिसं-मुक्त म्हणून कथील-तांब्याचं सोल्डर घ्याल तर ते २२७ अंशांना वितळतं आणि प्युटर साधारण २४४ पासून. एवढ्याशा फरकात पेंडंटची कड ढासळते. कथील-बिस्मथ (४२/५८) १३८ अंशांना वितळतं, ते घ्या. माझं मत विचाराल तर सोल्डर नकोच, कडी साच्यातच धरा. (मी कायद्याचा जाणकार नाही, विक्रीआधी सध्याचा नियम पाहून घ्या.)

आता पाय. अफिंग्टनच्या डोंगरावरच्या त्या ११० मीटर घोड्याचे दोन पाय धडाला जोडलेलेच नाहीत. नुसता आकार कापून ओतायचा तर मध्ये पूल घालावे लागतात आणि त्याची सगळी धाव जाते. ३० मिमी व्यासाची, २ मिमी जाडीची चकती करून घोडा तीवर ०.८ मिमी उठावात घ्या. वजन दहा-अकरा ग्रॅम भरतं. सुटा आकारच हवा असेल तर धातू धडाच्या जाड भागातून ओता, पायांच्या टोकांपासून साच्याच्या कडेपर्यंत ब्लेडने हवेच्या बारीक रेघा काढा आणि साच्याला टाल्कम लावा. पहिले तीन-चार नग साचा तापवण्यासाठीच असतात, ते फुकट गेले म्हणून धातूचं तापमान वाढवू नका. जास्त तापवलं की वर मळी येते आणि आत छिद्रं पडतात.

एक विनंती, या घोड्याभोवती गाठींची वेलबुट्टी नको. ती नक्षी हजाराहून अधिक वर्षांनंतरची, मठांतल्या हस्तलिखितांची. नक्षी हवीच असेल तर डोबुन्नी या प्राचीन ब्रिटनमधल्या टोळीच्या नाण्यांवरचा तीन शेपट्यांचा घोडा बघा. ठिपके आणि जाड रेषा, प्युटरमध्ये छान उतरतात.

आणि हो, प्युटरची कानस चांदीला लावू नका. तिचा कीस चांदीवर राहिला आणि ती तापवली, की तिथे खड्डे पडतात.