प्रगतीपट्टी कशाची ठेवावी?
चांगला व्हिडिओ गेम पहिल्या काही मिनिटांतच खेळाडूला बक्षीस देतो. संपत्तीचे बक्षीस मात्र उशिरा हाती येते. पीपीएफमध्ये (सरकारी दीर्घ मुदतीच्या बचत योजनेत) दर महिन्याच्या 5 तारखेच्या आत 5000 रुपये भरले, तरी 7.1 टक्के दराने पहिल्या वर्षाचे व्याज जेमतेम 2300 रुपये होते, आणि बहुतेक नवखे इथेच कंटाळतात. म्हणून सुरुवातीची वर्षे शिलकीकडे न पाहता गेममधल्या प्रगतीपट्टीसारखे न चुकता भरलेले हप्ते मोजावेत, कारण तेवढेच आपल्या हाती असते. पगार वाढला की हप्ताही वाढवावा. झटपट बक्षिसांची चटक लावणाऱ्या फ्युचर्स-ऑप्शन्सपासून (शेअर वगैरेंच्या पुढच्या भावावर लावलेले सौदे; तिथे खेळाडू आपण, रचना दुसऱ्याची) दूरच राहावे: शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या 2024 च्या अभ्यासानुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत तिथले 93 टक्के वैयक्तिक गुंतवणूकदार तोट्यात गेले.