ज्युलियस न्येरेरेंनी टांझानिया कंगाल केला, भारतीयांच्या इमारती सरकारजमा केल्या. तरी तिथले लोक त्यांना राष्ट्रपिता का मानतात?

तुमचे दोन्ही आरोप मला मान्य आहेत, आणि तरीही मी न्येरेरेंच्या, म्हणजे टांझानियाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या, बाजूनंच बोलणार आहे.

मी नोकरीनिमित्त सहा वर्षं दार-ए-सलामला होतो. घरमालक गुजराती. 1971 च्या कायद्यानं एक लाख शिलिंगांहून जास्त किमतीच्या, भाड्यानं दिलेल्या इमारती सरकारनं ताब्यात घेतल्या, त्यात त्यांच्या वडिलांची इमारत गेली. दहा वर्षांहून जुनी, म्हणून भरपाईही नाही. कायद्यात कुठल्या वंशाचं नाव नव्हतं, पण शहरात अशा इमारती होत्या कुणाच्या? बहुतेक आपल्याच लोकांच्या. न्येरेरेंचा विषय निघाला की हे घरमालक काका उठून आत जायचे. मी त्यांना कधी समजवायला गेलो नाही. ज्याचं घर गेलं त्याला इतिहास सांगणारा मी कोण?

पण तुम्ही विचारताय म्हणून त्याच्या चार वर्षं आधीची एक गोष्ट सांगतो. फेब्रुवारी 1967 च्या अरुशा जाहीरनाम्यात, म्हणजे समाजवाद आणि स्वावलंबनाच्या धोरणाच्या घोषणेत, न्येरेरेंनी स्वतःच्या पक्षाच्या पुढाऱ्यांवर बंधन घातलं होतं: घरं भाड्यानं द्यायची नाहीत, कंपन्यांचे शेअर ठेवायचे नाहीत, दोन पगार घ्यायचे नाहीत. भाड्यावर जगणं म्हणजे दुसऱ्याच्या घामावर जगणं, असं ते मनापासून मानत. पटो न पटो, नियम आधी घरच्यांना लावला होता.

खरी मोठी चूक उजामा गावांची. उजामा म्हणजे भाऊबंदांनी एकत्र राहणं (आपल्याकडच्या 'भाऊबंदकी'च्या नेमकं उलट). सुरुवातीला ते ऐच्छिक होतं. 1973 नंतर सक्ती झाली. लाखो लोकांना उचलून नव्या गावांत नेलं, काही ठिकाणी मागं झोपड्या जाळल्या. शेतं लांब पडली, त्यात दुष्काळ आला आणि स्वावलंबनाची भाषा करणाऱ्या देशाला धान्य आयात करावं लागलं. याचं समर्थन होत नाही, मी करतही नाही. खटल्याविना माणसं डांबण्याच्या कायद्याचंही नाही. आज तिथं सत्ताधारी पक्षाची जी घट्ट पकड आहे, तिचं मूळही त्या एकपक्षीय काळातच आहे. मात्र 1977 मध्ये, अरुशाला दहा वर्षं झाल्यावर, टांझानिया समाजवादीही झालेला नाही आणि स्वावलंबीही नाही, हे जाहीरपणे लिहिणारे न्येरेरेच होते. सत्तेवर असताना असं लिहिणारे किती सापडतील?

आता दुसरी बाजू. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी ऑफिसच्या ड्रायव्हरला विचारलं, तुम्ही कुठल्या जमातीचे? आपण आडनाव विचारून अंदाज बांधतो ना, त्याच सवयीनं. तो म्हणाला, "टांझानियन." पुढं कित्येक महिन्यांनी कळलं की तो सुकुमा आणि बायको चग्गा. या देशात सव्वाशेच्या आसपास जमाती आहेत. न्येरेरेंनी स्वाहिलीला राष्ट्रभाषा केलं, परंपरागत जमातप्रमुखांचे सरकारी अधिकार काढले, हायस्कूलच्या मुलांना आणि सरकारी नोकरांना मुद्दाम परमुलखात पाठवलं. ते स्वतः एका छोट्या जमातीच्या प्रमुखाचे चिरंजीव, हे विसरू नका. शेजारच्या केनियात 2007 च्या निवडणुकीनंतर जमातीवरून हजारावर माणसं मारली गेली. रवांडातल्या 1994 च्या वंशसंहाराबद्दल तर बोलायलाच नको. टांझानियाच्या राजकारणात जमात हे हत्यार झालं नाही, ते आपोआप नव्हे.

आणि भारतीयांचं म्हणाल तर ऑक्टोबर 1961 बघा. स्वातंत्र्य दोन महिन्यांवर आलेलं, आणि नागरिकत्व फक्त आफ्रिकी वंशाच्या लोकांना द्यावं अशी संसदेत मागणी झाली. लोकप्रिय व्हायला याहून सोपी संधी नव्हती. न्येरेरेंनी मागणी फेटाळली, राजीनाम्याची तयारी दाखवली, वंशावरून माणूस ठरवणं हिटलरच्या वाटेचं आहे असं सुनावलं. पुढं भारतीय वंशाचे अमीर जमाल त्यांचे अर्थमंत्री होते. 1972 मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन यानं तिथल्या आशियाई लोकांना 90 दिवसांत हाकललं, तेव्हा त्याला उघडपणे वंशद्वेष म्हणणाऱ्या मोजक्या आफ्रिकी राष्ट्राध्यक्षांत न्येरेरे होते. काकांची इमारत गेली, पण देश गेला नाही. युगांडाच्या राजधानीतल्या, कंपालातल्या त्यांच्या मावसभावाचं दोन्ही गेलं. हा फरक काका स्वतः सांगायचे, तोंड कडू करून, पण सांगायचे.

कंगाल झाला म्हणताना हेही मोजा: अमीननं हल्ला केल्यावर 1978-79 चं युद्ध, तेलाची भाववाढ, आणि दक्षिण आफ्रिका, मोझांबिकच्या स्वातंत्र्यसैनिकांना वर्षानुवर्षं दिलेला आसरा. तो खर्च एका गरीब देशानं उचलला.

1985 मध्ये त्यांनी आपणहून राष्ट्राध्यक्षपद सोडलं. ते कॅथलिक, वारस झांझिबारचे मुसलमान, अली हसन म्विन्यी. मग बुटियामाला, आपल्या गावी, शेती करायला गेले. सरकारी भाषेत ते 'बाबा वा तैफा', राष्ट्रपिता. पण बाजारात, बसमध्ये, आमच्या ऑफिसात मी ऐकलं ते एकच नाव: म्वालिमु. मास्तर.