बी.एस्सी. अपुरी ठेवून वैद्यकीय शिक्षणाकडे वळता येईल का?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील एका खेड्यात राहतो. दहावीपर्यंतचे शिक्षण गावातील मराठी शाळेत झाले. द्वितीय पीयूसीनंतर, म्हणजे बारावीनंतर, नीट परीक्षेत जागा मिळण्याइतके गुण मिळाले नाहीत, म्हणून बेळगावात बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. सध्या दुसऱ्या वर्षात आहे, पण डॉक्टर होण्याची इच्छा कायम आहे. वडील म्हणतात, आधी पदवी पूर्ण कर, ती तिकडे उपयोगी पडेल. मित्र म्हणतात, कॉलेज आजच सोडून दे. परदेशात पदवीनंतरच वैद्यकीय प्रवेश मिळतो, असेही ऐकतो. मी काय करावे?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : आपल्या देशात एमबीबीएससाठी पदवीची अट नाही. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय घेऊन द्वितीय पीयूसी उत्तीर्ण असणे, पहिल्या तीन विज्ञान विषयांत मिळून खुल्या प्रवर्गासाठी ५० टक्के व राखीव प्रवर्गांसाठी ४० टक्के गुण असणे आणि नीट पात्र होणे, एवढेच आवश्यक आहे. कमाल वयाची अट आता राहिलेली नाही आणि परीक्षा किती वेळा द्यावी यावरही बंधन नाही. अमेरिकेत मात्र साधारणपणे चार वर्षांच्या पदवीनंतरच वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळतो. तिथेही पूर्वी तसे नव्हते : आनंदीबाई जोशी १८८३ साली पेनसिल्व्हेनियात गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांच्याजवळ कोणतीही पदवी नव्हती.

वडिलांचा सल्ला काळजीपोटी आहे, पण त्यामागची समजूत बरोबर नाही. बी.एस्सी.चे एक वर्ष झालेले असो वा तिन्ही, एमबीबीएसची साडेचार वर्षे आणि एक वर्षाची इंटर्नशिप यांतून एक दिवसही कमी होत नाही. तरीही आजच कॉलेज सोडावे, हे मित्रांचे म्हणणे मला त्याहून अधिक धोक्याचे वाटते. २०२५ साली सुमारे २२ लाख विद्यार्थ्यांनी नीट दिली. १२ लाखांहून अधिक पात्र ठरले, आणि देशातील एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास आहेत. पात्र होणे आणि जागा मिळणे यांत एवढे अंतर असताना, हातातील शिक्षण केवळ आशेवर सोडू नये. बी.एस्सी.त शिकत असताना नीट देण्यास कसलीही आडकाठी नाही. म्हणून वर्गात नाव ठेवा, अभ्यास नीटचा करा आणि जागा निश्चित झाली की मगच नाव काढा.

तुमच्या बाबतीत दोन गोष्टी विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली ते दहावीची दहाही वर्षे तुम्ही कर्नाटकातील ग्रामीण भागातील शाळेत शिकला असाल, तर राज्याच्या कोट्यातील १५ टक्के ग्रामीण आरक्षणासाठी अर्ज करता येतो, आणि त्यासाठी शाळा कन्नड माध्यमाचीच असावी लागत नाही. ही सवलत आपल्या भागातील अनेक मराठी कुटुंबांना ठाऊकच नसते, याचे मला फार वाईट वाटते. त्यातील उत्पन्नविषयक व इतर अटी कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या माहितीपुस्तिकेत वाचून गावच्या शाळेकडून दाखला वेळेत घ्या. दुसरे असे की, महाराष्ट्र शासनाने वादग्रस्त सीमाभागातील ८६५ गावांच्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी आपल्या वैद्यकीय प्रवेशांत स्वतंत्र तरतूद ठेवली आहे. तुमचे गाव त्या यादीत आहे का, हे आधी पाहा. या जागा थोड्या असतात, त्यामुळे कर्नाटकातील प्रक्रिया सोडून केवळ त्यांवर विसंबू नका.

बेळगावातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील, म्हणजे बिम्समधील बहुतेक जागा परीक्षा प्राधिकरणामार्फत आणि १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. बेळगावातच १९६३ साली सुरू झालेले जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय अभिमत विद्यापीठाचे असल्याने तिथल्या प्रवेशासाठी केंद्रीय समुपदेशन समितीकडे वेगळी नोंदणी करावी लागते. नीटची मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते. पण पीयूसी इंग्रजीतून केली असल्यास इंग्रजी प्रश्नपत्रिकाच घेणे बरे, कारण भाषांतरात संदिग्धता आढळल्यास इंग्रजी पाठच ग्राह्य धरतात.

शेवटी कागदपत्रांविषयी. शाळा सोडल्याचा दाखला आणि पीयूसीची मूळ गुणपत्रिका तुमच्या सध्याच्या महाविद्यालयाकडे जमा असेल, तर पडताळणीच्या वेळी ती कशी मिळेल, हे आत्ताच प्राचार्यांना लेखी विचारून ठेवा, कारण जागा मिळाल्यानंतर प्रवेश घेण्यासाठी फार थोडे दिवस हाती असतात.