प्लेटलेट्स मोजल्या, पण आत काय आहे?

प्रश्न : आई ७२ वर्षांची. नैराश्यासाठी एसिटालोप्रॅम, गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक घेते. हातांवर निळे डाग उमटतात. प्लेटलेट्स २ लाख १० हजार आहेत, मग असं का? (रामबाग, इंदूर)

उत्तर : काउंट उत्तम आहे, पण काउंट म्हणजे नुसती डोकी मोजणं. प्रत्येक प्लेटलेटमध्ये काही डेन्स ग्रॅन्यूल्स असतात, बारीक पुरचुंड्याच म्हणा. त्यांत सेरोटोनिन आणि एडीपी ही निरोप पोचवणारी रसायनं, शिवाय कॅल्शियम भरलेलं असतं. सकाळी पोह्यांसाठी कांदा चिरताना बोट कापलं, की तिथे चिकटलेल्या प्लेटलेट्स या पुरचुंड्या रित्या करतात. रक्तवाहिनी आकसते, आजूबाजूच्या प्लेटलेट्स धावून येतात, रक्त थांबतं.

हे सेरोटोनिन प्लेटलेट स्वतः बनवत नाही. ते आतड्यात तयार होतं, ती रक्तातून उचलते; आणि उचलणारं प्रथिन मेंदूत आहे तेच. एसिटालोप्रॅम नेमकं याच प्रथिनाला अडवते, म्हणून आईंची ती गोळी प्लेटलेटचंही दार अडवते. काही आठवड्यांत पुरचुंड्यांतलं सेरोटोनिन बरंच आटतं. त्यात डायक्लोफेनॅकने प्लेटलेट्स आणखी मंदावतात, जठराचं अस्तरही दुखावतं. डाग वयाने पातळ झालेल्या कातडीमुळेही पडतात. मला खरी काळजी पोटातल्या रक्तस्रावाची वाटते.

नैराश्याची गोळी परस्पर बंद मात्र करू नका, त्याने त्रास वाढतो. दोन्ही चिठ्ठ्या एकाच डॉक्टरांपुढे ठेवा, गुडघ्यांसाठी दुसरं काही चालेल का विचारा. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : मन उदास असतं. रक्तातलं सेरोटोनिन तपासून घेऊ? (टिळकनगर)

उत्तर : नको. रक्तातलं जवळजवळ सगळं सेरोटोनिन प्लेटलेट्समध्ये असतं आणि ते मेंदूत शिरत नाही. कार्सिनॉइड, म्हणजे सेरोटोनिन बनवणाऱ्या गाठीचा संशय असेल तर ही तपासणी कामाची. मनाचा थांग तिने लागत नाही. ते पैसे मनोविकारतज्ज्ञांच्या फीला ठेवा, पण जा नक्की.

प्रश्न : भाचा ६ वर्षांचा. केस भुरे, रंग फार फिका, बुबुळं सतत हलतात, नाकातून वारंवार रक्त येतं. काउंट नॉर्मल. (राजवाडा)

उत्तर : या खुणा एकत्र दिसल्या की हर्मान्स्की-पुडलाक सिंड्रोम हा जन्मजात आजार तपासायलाच हवा. १९५९ साली दोन चेक डॉक्टरांनी तो प्रथम नोंदवला. यात पुरचुंड्या जन्मतःच घडत नाहीत, त्यामुळे सेरोटोनिन साठवायला जागाच नसते. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली निरोगी प्लेटलेटमध्ये काळेभोर ठिपके दिसतात, इथे ते नसतात. नेहमीच्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, हे कळणार नाही, रक्तविकारतज्ज्ञांना दाखवा. तोवर अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन देऊ नका, आणि दात काढायचा झाला तरी आधी सांगा की याचं रक्त लवकर थांबत नाही.