शांत अभ्यासकक्षातील बोलण्यावर काय करता येईल?

विद्यापीठाच्या ग्रंथालयात ‘शांतता राखा’ असा फलक असूनही गटागटाने बोलणे चालते आणि काउंटरवर सांगितल्यावर थोडा वेळ थांबून पुन्हा तेच सुरू होते, अशी आपली तक्रार आहे. बेळगाव भागातील ग्रंथालयात दीर्घकाळ काम केल्यामुळे मला असे वाटते की, जोपर्यंत बोलण्यासाठी दुसरी जागा मिळत नाही, तोपर्यंत केवळ दटावण्याने हा प्रश्न सुटत नाही.

खानापूर, निपाणी, चंदगडकडून सकाळच्या बसने आलेल्या विद्यार्थ्यांना परतीची बस मिळेपर्यंत कोठेतरी थांबावे लागते, आणि आपल्याकडच्या पावसात झाडाखाली किंवा कट्ट्यावर बसण्याची सोय नसल्याने ते सारे ग्रंथालयातच येतात. त्यांनाही आपल्याइतकीच त्या छपराची गरज आहे, हे मनात ठेवून पुढचे पाऊल उचलावे.

आवाज मोजून तक्रार करण्याच्या मागे लागू नये. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये शांतता क्षेत्रासाठी दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल अशी मर्यादा आहे खरी. परंतु वाचणाऱ्याला पंख्याच्या संथ घरघरीपेक्षा त्याहून हळू, पण शब्द कळणारे बोलणे अधिक त्रास देते, कारण मन नकळत त्याचा अर्थ लावू लागते. म्हणूनच ‘हळू बोला’ ही विनंती अपुरी पडते. ‘बाहेर बोला’ असेच सांगावे.

हे सांगताना आपल्या भागात एक काळजी घ्यावी लागते, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. समोरचा कन्नड बोलणारा असेल आणि आपण मराठीत, तेही सर्वांसमोर, त्याला हटकले, तर शांततेचा विषय बाजूला राहून भाषेचा वाद उभा राहण्याची भीती असते. त्याच्याजवळ जाऊन, खाली वाकून कन्नडमध्ये ‘दयविट्टु, होरगडे माताडी’ (कृपया बाहेर बोला) एवढेच नम्रपणे म्हणावे. बहुतेक विद्यार्थी लगेच उठतात. तरीही कोणी ऐकले नाही, तर वाद न घालता कर्मचाऱ्याला बोलवावे.

स्वतःची जागाही विचारपूर्वक निवडावी. दार, जिना आणि काउंटर यांपासून दूर, पुस्तकांनी भरलेल्या कपाटांच्या आड बसावे, कारण गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती आवाज परतवतात, तर पुस्तके तो बऱ्यापैकी शोषून घेतात. फोमचे कर्णबोळे उपयोगी पडतात. मात्र ते नीट पिळून कानात बसवले नाहीत, तर फरक जाणवत नाही.

ग्रंथपालांना लेखी अर्ज अवश्य द्यावा, पण त्यात कोणाचेही नाव घालू नये. कोणत्या वेळी, कोणत्या टेबलांपाशी त्रास होतो, याची आठवडाभराची नोंद जोडावी आणि दोनच मागण्या कराव्यात: दुपारनंतर रिकामी राहणारी एखादी वर्गखोली चर्चेसाठी उघडावी, आणि खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या बसवाव्यात. दुसरी मागणी किरकोळ वाटेल, परंतु खुर्च्या ओढल्याचा कर्कश आवाज तेवढ्याने थांबतो. अर्ज मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत लिहून त्यावर दोन्ही भाषांच्या विद्यार्थ्यांच्या सह्या घ्याव्यात, म्हणजे ग्रंथालय समितीला ती एका गटाची तक्रार म्हणून बाजूला ठेवता येणार नाही.