नॉनस्टिक तवा घेताना

अगं, घावण्यांसाठी नॉनस्टिक घे की खुशाल, पण दुकानात आधी तवा हातात धरून बघ. हलका लागला की ठेवून दे. पातळ बूड गॅसवर वाकतं, मग घावण मधोमध करपतं नि कडा कच्च्या. निदान ३ मिलिमीटर जाडी हवी. दांडा रिव्हेटचा बघ; स्क्रू आपल्या खाऱ्या हवेत गंजतात. सिरॅमिकचा थर दिसायला गोजिरा, पण त्याचा गुळगुळीतपणा लवकर जातो. मी तरी घेणार नाही.

खरं जपायचं ते आचेला. टेफ्लॉनचा थर साधारण २६० अंश सेल्सिअसच्या वर बिघडू लागतो, आणि मोठ्या आचेवर रिकामा तवा काही मिनिटांतच तिथवर पोचतो. म्हणून आच मध्यम, अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवायचा, लगेच पीठ. उलथणं लाकडी. काथ्याने घासायचं नाही, तापल्या तव्यावर पाणी ओतायचं नाही.

बांगडे तळायला मात्र हा तवा काढूच नकोस. तिथे मोठी आच लागते, ते काम बिडाच्या तव्याचं. धुतल्यावर तो लगेच पुसून तेल लाव, पावसाळ्यात एका रात्रीत गंज धरतो.